टोमॅटोवर करपा, मिरचीवर बोकड्या, काकडीवर भुरी: सगळ्यांना एकच फवारा चालेल का?

हिरवाकोपरा

नमस्कार मंडळी,

घरामागे भाजीचे चार वाफे आहेत, शिवाय काही कुंड्या. सगळ्या झाडांवर एकदमच रोग आलाय, म्हणून लक्षणं जशी दिसतात तशी लिहितो.

टोमॅटो: खालच्या पानांवर तपकिरी ठिपके, त्यात एकात एक वर्तुळं, भोवती पान पिवळं. पानं खालून वाळत वर चाललीत. शेंडा अजून चांगला आहे, फळं धरलीत.

मिरची: शेंड्याची पानं आक्रसून वरच्या बाजूला वळलीत. झाड खुजं राहिलंय, फुलं गळतात.

काकडी: जुन्या पानांवर पीठ सांडल्यासारखे पांढरे डाग.

वांगी: एक झाड दुपारी मान टाकायचं आणि संध्याकाळी सावरायचं. आता सावरत नाही. पानं हिरवीच आहेत आणि माती ओली आहे. शेजारचं झाडही तसंच करायला लागलंय.

पाणी संध्याकाळी पाइपने, झाडांवरूनच घालतो. दर आठवड्याला निंबोळी तेल लिटरला ५ मिली फवारतो. कशातच फरक नाही. या सगळ्यांवर चालेल असं एखादं बुरशीनाशक आहे का? नसेल तर कुठून सुरुवात करू?

---

वाफाकरी

नाही, असं एक औषध नाही, कारण तुमच्याकडे चार वेगळ्या जातीचे त्रास आहेत. टोमॅटोवर बुरशी आहे. काकडीवरही बुरशीच आहे, पण तिची वागणूक अगदी उलटी. मिरचीवर बहुधा कीड किंवा विषाणू आहे. आणि वांग्याचं दुखणं मुळातून आलेलं आहे, तिथे पानावर काहीही फवारलं तरी पोचणारच नाही. निंबोळी तेल हे मुख्यतः किडीसाठी. भुरीवर त्याचा थोडाफार उपयोग होतो, पण करप्याची बुरशी पानाच्या आत शिरलेली असते, तिला ते काही करत नाही.

आधी वांगी बघा, कारण तिथे घाई आहे. ओल्या मातीत झाड हिरवंच्या हिरवं कोमेजलं की तीन संशयित उरतात: जिवाणूजन्य मर, बुरशीजन्य मर आणि पाणी साचून कुजलेली मुळं. झाड उपटा. मुळं काळी, मऊ, वास येणारी असतील आणि साल बोटाने सुटून येत असेल तर निचऱ्याचा दोष. मुळं बरी दिसली तर जमिनीलगतच्या खोडाचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि स्वच्छ काचेच्या ग्लासात साध्या पाण्यात उभा धरा, कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा. ग्लास हलवू नका. पाच-दहा मिनिटांत टोकातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर जिवाणू. धागे नाहीत, पण खोड उभं चिरल्यावर सालीच्या आत तपकिरी रेघा दिसतात, आणि कोमेजण्याआधी खालची पानं (बऱ्याचदा झाडाच्या एकाच बाजूची) पिवळी पडली होती, तर फ्युजेरियमसारखी बुरशी. तुमची पानं हिरवीच आहेत, त्यामुळे मला जिवाणूचा संशय जास्त. चाचणी करून कळवा. तोवर त्या वाफ्यात वापरलेला सुरी-खुरपं दुसरीकडे लावू नका आणि त्या वाफ्यातून वाहणारं पाणी शेजारच्या वाफ्यात जाऊ देऊ नका.

आता टोमॅटो. वर्तुळावर वर्तुळ असलेला ठिपका आणि सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून, म्हणजे लवकर येणारा करपा, अल्टरनेरिया. ही बुरशी गेल्या हंगामाच्या वाळक्या पानांत, काड्यांत जमिनीवर पडून राहते. पाण्याचा थेंब मातीवर आपटला की तिचे बीजाणू उडून खालच्या पानावर बसतात. पान काही तास सलग ओलं राहिलं की ते रुजतात. संध्याकाळी पाइपने झाडावरून पाणी घातलं की पान रात्रभर ओलं राहतं. म्हणजे बीजाणू उडवण्याचं काम आणि रुजवण्याचं काम, दोन्ही पाइपच करतोय. ते थांबवल्याशिवाय कुठल्याही औषधाचा उपयोग टिकणार नाही.

तर क्रम असा ठेवा. पानं कोरडी असताना, म्हणजे दव उडाल्यावर, डाग पडलेली सगळी पानं देठासकट काढा. जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत खोड मोकळं करा, तिथली निरोगी पानंही गेली तरी चालतील. मात्र एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पानं काढू नका, नाहीतर फळांना ऊन लागून पांढरे चट्टे पडतात. मग मातीवर पाच-सात सेंटिमीटर जाडीचं वाळक्या गवताचं किंवा पेंढ्याचं आच्छादन घाला, खोडाला टेकू न देता. पाणी सकाळी आणि बुडाशी. हे झालं की मग उरलेल्या निरोगी पानांच्या रक्षणासाठी ताम्रयुक्त बुरशीनाशक: कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के लिटरला २.५ ते ३ ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजू भिजतील असं, ८-१० दिवसांनी पुन्हा. तांब्याने पडलेला डाग भरून येत नाही. ते फक्त नवीन पानावर बीजाणू रुजू देत नाही. म्हणून पाऊस यायच्या आधी मारायचं, नंतर नाही.

अजून एक. फळांचा भार आला आणि झाड उपाशी असलं की हा करपा जास्त वेगाने वर चढतो. दर झाडाला दोन मुठी कुजलेलं खत आच्छादनाखाली सारा.

---

शेंडाखूड

वाफाकरींच्या सगळ्याला +१, फक्त शेवटच्या मुद्द्यावर जरा सांभाळून. कुजलेलं खत ठीक, पण "उपाशी" वाचून कोणी युरिया टाकू नये. नत्र जास्त झालं की पालवी लुसलुशीत येते आणि मावा, पांढरी माशी, भुरी, तिन्ही तिथे धावत येतात. टोमॅटोची खालची पानं एकसारखी फिकट पिवळी असतील आणि त्यावर ठिपके नसतील, तरच नत्र कमी पडलंय असं समजा.

मिरचीबद्दल. "बोकड्या" या एकाच नावाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी टाकतात आणि तिघींवर उपाय वेगळा. पान कुठल्या बाजूला वळलंय ते बघा.

कडा वर उचलून पान होडीसारखं झालंय, खालच्या बाजूला चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे आहेत: फुलकिडे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. जेमतेम मिलिमीटरभराचे पिवळट, बारीक दोऱ्यासारखे किडे पळताना दिसतील.

कडा खाली वळल्या आहेत, पान अरुंद आणि जाडसर, देठ लांबलेले, शेंडा ठिसूळ: कोळी. हा डोळ्यांना दिसत नाही, किमान दहापट भिंग लागतं.

पान बारीक, शिरा पिवळ्या किंवा हिरवे-पिवळे चट्टे, पेरं आखूड, झाड झुडपासारखं: विषाणू. हा बहुतेक वेळा पांढरी माशी आणते. झाड हलकेच हलवलं की पांढरी भुकटी उडाल्यासारखी माशी उठते.

तुमची पानं वर वळलीत, म्हणजे पहिला संशय फुलकिड्यांवर. निंबोळी तेल इथे खरं तर उपयोगी पडायला हवं होतं. नाही पडलं, तर मिश्रण आणि वेळ तपासा. तेल पाण्यात आपोआप मिसळत नाही. आधी ५ मिली तेलात १-२ मिली द्रवरूप साबण घोटा, त्यात थोडं कोमट पाणी घालून दुधासारखं करा, मग लिटरभर पाण्यात ओता. वर तेलाचे डोळे तरंगत असतील तर मिश्रण फसलंय, ते फवारलं की काही पानं करपतात आणि काहींना काहीच मिळत नाही. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारा, कारण त्यातला कामाचा घटक उन्हात लवकर मोडतो. फुलकिडे पानाच्या खालच्या बाजूला आणि फुलात असतात, तेव्हा नोझल खालून वर धरा. पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. आठवड्याला एक फवारणी अंड्यांतून निघणाऱ्या नव्या पिढीला गाठत नाही. कोळी निघाला तर निंबोळी सोडून, दोन आठवडे थांबून, पाण्यात मिसळणारं गंधक.

आणि निकाल कसा लावायचा? पूर्वी वळलेलं पान कधीच सरळ होत नाही, त्याच्याकडे बघूच नका. दोन-तीन आठवड्यांत येणारी नवी पालवी बघा. ती सपाट आली तर कीड होती आणि गेली. किडा एकही दिसत नाही, तरी नवं पान आक्रसलेलंच येतंय, तर विषाणू धरा आणि झाड काढून टाका. विषाणू बसलेलं झाड बरं करणारं काहीही नाही. झाड हलवलं की माशी शेजारी उडून बसते, म्हणून आधी साबणपाणी फवारून माशी खाली पाडा, मग झाडावर पिशवी घालून उपटा.

पुढच्या लावणीला रोपं ४०-५० मेशच्या जाळीखाली वाढवा. विषाणूची लागण रोप जितकं लहान असताना होते तितकं नुकसान मोठं. पहिले पाच-सहा आठवडे वाचवले तर नंतर लागण झाली तरी पीक हाती येतं. टोमॅटो-मिरचीला जाळी फुलं आल्यावरही चालते, काकडी-भोपळ्याला मात्र मधमाश्यांसाठी फुलोऱ्यात काढावी लागते. पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर लावा. माशी आली की नाही हे त्यांच्यावरून कळतं. तेवढ्याने माशी संपते असं मात्र नाही.

---

पानवेल

काकडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वाफाकरी म्हणाले तसं भुरी ही उलट्या वागणुकीची बुरशी आहे. करप्याला पान ओलं लागतं, भुरीला लागत नाही. पानावर पाणी साचलं तर तिचे बीजाणू उलट नीट रुजत नाहीत. तिला हवी असते दाट पानांतली कोंदट हवा आणि सावली. म्हणून फक्त पाणी बुडाशी घालून भुरी जाणार नाही. वेल मांडवावर किंवा ताटीवर चढवा, बुडाकडची जुनी पानं काढा, दोन वेलांत निदान ४५-६० सेंटिमीटर ठेवा.

एक खात्री आधी करा. पांढरं पीठ पानाच्या वर आहे आणि बोटाने पुसलं जातं ना? मग भुरी. पानाच्या वर शिरांनी बंदिस्त झालेले कोनदार पिवळे चट्टे आणि बरोबर त्यांच्या खाली करडी-जांभळट लव असेल, तर तो केवडा. केवड्याला ओलं पान लागतं आणि त्यावर गंधक चालत नाही, तांबंच लागतं.

भुरीवर कमी त्रासाचं म्हणजे दूध. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, सकाळी, पानावर ऊन पडत असताना. हे सुरुवातीच्या पाच-दहा डागांवर चांगलं चालतं. पान पांढरंफेक झाल्यावर नाही. यापेक्षा दाट करू नका, पानावर साय धरून दुसरीच काळी बुरशी वाढते आणि वास येतो. पोटॅशियम बायकार्बोनेट मिळालं तर लिटरला ५ ग्रॅम, त्यात साबणाचे दोन-चार थेंब. खायचा सोडाही याच मात्रेत वापरतात, पण त्यातला सोडियम मातीत साचतो आणि पानांच्या कडा जळतात. कुंडीत तर नकोच.

गंधक सगळ्यांत खात्रीचं: ८० टक्के पाण्यात मिसळणारं, लिटरला २ ग्रॅम. पण तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर मारू नका, आणि निंबोळी किंवा कुठल्याही तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे मारू नका. तेल आणि गंधक एकत्र आले की पान भाजतं. तुम्ही दर आठवड्याला तेल मारताय, म्हणजे आत्ता तुमच्यासाठी दूधच. काकडीवर्गातल्या काही जातींना गंधक मुळातच सोसत नाही, म्हणून नंतरही आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा.

---

हिरवाकोपरा

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्लासची चाचणी केली. धागे स्पष्ट दिसले, काही मिनिटांत पाणी गढूळ झालं. दोन्ही झाडं काढली. मिरचीचा शेंडा कागदावर झटकला, पिवळे बारीक किडे आहेत.

आता तीन शंका. एक, वांग्याच्या जागी काय लावू आणि ती माती औषधाने शुद्ध होते का? दोन, काढलेली पानं-झाडं खताच्या ढिगात टाकली तर चालतील का? तीन, कॉपर ऑक्सिक्लोराईडऐवजी घरी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) करता येईल का? मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) घरात आहे. ट्रायकोडर्माही आणून ठेवलंय, दोन्ही एकदम मिसळून मारू का?

---

वाफाकरी

धागे दिसले म्हणजे राल्स्टोनिया. हा जिवाणू मातीत काही वर्षं राहतो आणि वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा या सगळ्या एकाच घराण्याला धरतो. माती "शुद्ध" करणारं घरगुती औषध नाही. त्या वाफ्यात पुढची तीन वर्षं तरी हे घराणं लावू नका. मका, कांदा, लसूण, कोबी, वाल, पालेभाज्या लावा. त्या वाफ्यात आपोआप उगवलेलं टोमॅटोचं रोप किंवा कामोणीसारखं तण ठेवू नका, त्यावर जिवाणू जगतो. वांगं हवंच असेल तर कुंडीत, नव्या मातीत, आणि ती कुंडी त्या वाफ्यावर टेकवून ठेवू नका. खालच्या भोकातून मुळं उतरतात.

उन्हाने माती तापवण्याचा उपाय बरेच जण सुचवतील. कडक उन्हाळ्यात वाफा मोकळा करून, माती ३० सेंटिमीटरपर्यंत भिजवून, पारदर्शक प्लॅस्टिक (२५ ते ५० मायक्रॉन, काळं नको) घट्ट ताणून कडा मातीत पुरायच्या आणि चार ते सहा आठवडे ठेवायचं. वरच्या १५-२० सेंटिमीटर थरातल्या बुरशी आणि सूत्रकृमींवर (मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे कृमी) हे उत्तम. या जिवाणूवर अर्धंमुर्धंच, कारण तो त्याहून खोल असतो. करा, पण त्याच्या भरवशावर लगेच वांगं लावू नका.

उपटलेल्या झाडांची मुळं बघितलीत का? गाठी असतील तर सूत्रकृमीही आहेत, आणि त्यांनी पाडलेल्या जखमांतून हा जिवाणू सहज आत जातो. गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, नखाने सुटत नाही. (वाल-चवळीच्या मुळांवरच्या गाठी वेगळ्या. त्या नखाने निघतात आणि आतून गुलाबी असतात, त्या चांगल्या.) सूत्रकृमी असतील तर निंबोळी पेंड चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम मिसळा आणि एक हंगाम त्या वाफ्यात फक्त झेंडू दाट लावा. कडेला चार झेंडू लावून काही होत नाही.

ढिगाबद्दल: घरचा ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापून तसा बरेच दिवस राहत नाही, त्यामुळे करप्याची पानं आणि मर लागलेली झाडं त्यात नकोत. पिशवीत बांधून कचऱ्यात, किंवा वाफ्यांपासून लांब खोल खड्ड्यात. भुरीची पानं चालतात, ती बुरशी जिवंत पानावरच जगते. पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूचं झाडही माशी मेल्यावर ढिगात गेलं तर हरकत नाही. हाताने पसरणारा तंबाखू मोझॅक मात्र वाळलेल्या पानातही टिकतो, तो नको.

हत्यारं: माती धुऊन काढा, मग ७० टक्के अल्कोहोलने पुसा. किंवा एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी यात काही मिनिटं बुडवून धुवा आणि वाळवून तेल लावा. मातीसकट बुडवलं तर ब्लीच मातीतच संपून जातं.

---

शेंडाखूड

बोर्डो घरी होतं, पण घाईने केलं तर झाड जळतं. १ टक्का, १ लिटरसाठी: मोरचूद १० ग्रॅम, ताजा कळीचा चुना १० ग्रॅम. प्लॅस्टिकची किंवा मातीची भांडी घ्या, लोखंडाचं किंवा जस्ताचं नको. मोरचूद पुडीत बांधून अर्ध्या लिटर पाण्यात लटकवून ठेवा, रात्रीत विरघळतं. चुना दुसऱ्या भांड्यात थोड्या पाण्यात विरवा. तो उकळतो, चेहरा लांब ठेवा. थंड झाल्यावर अर्धा लिटर करून फडक्याने गाळा. मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओता, काठीने सतत ढवळत. चुना मोरचुदात ओतला तर दाणेदार गाळ होतो, तो नोझल तुंबवतो आणि पानाला चिकटत नाही.

रंग आकाशी निळा यायला हवा. मग स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला म्हणजे मोकळं तांबं शिल्लक आहे. आणखी थोडी चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा बघा. ही चाचणी टाळू नका, पानं जळतात ती इथेच. मिश्रण त्याच दिवशी संपवा. कोवळी रोपं आणि काकडीवर्गाला अर्धा टक्का, म्हणजे ५-५ ग्रॅम. ढगाळ, थंड, पान वाळायला वेळ लागणाऱ्या हवेत मारू नका.

तांबं मातीत साचत जातं, गांडुळांना घातक आहे आणि कुठेही विरून जात नाही. म्हणून हंगामात दोन-तीन फवारण्यांच्या वर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा जास्त लागतंय असं वाटलं तर अंतर, पाणी आणि आच्छादन पुन्हा बघा. विकतचं औषध असेल तर फवारणी आणि तोडणी यांतलं अंतर वेष्टनावर लिहिलेलं असतं, ते पाळा. आधी पिकलेली फळं तोडा, मग फवारा.

---

पानवेल

ट्रायकोडर्मा आणि तांबं एकत्र अजिबात नको. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, तांबं तिला मारणारच. तिचं काम पानावर नाही, मातीत आहे. मातीत तांबं किंवा दुसरं बुरशीनाशक ओतलं असेल तर निदान दोन आठवडे थांबा.

तुमच्याकडे असलेलं असं वापरा: पुढच्या लावणीच्या दहा दिवस आधी, पूर्ण कुजलेलं ओलसर खत १ किलो, त्यात १० ग्रॅम ट्रायकोडर्मा, सावलीत ओल्या गोणपाटाखाली. मधे दोनदा उलथा. पांढरट-हिरवी बुरशी धरली की तयार. लावताना प्रत्येक खड्ड्यात एक-दोन मुठी. पेरताना बियाण्याला किलोला ४-५ ग्रॅम म्हणजे घरच्या पाकिटासाठी जेमतेम चिमूटभर, पाण्याचा हात लावून चोळा. रोपं कोलमडतात त्या रोगाविरुद्ध याचा चांगला आधार मिळतो, मात्र ट्रे ओलागच्च ठेवला तर तो आधारही पुरत नाही. पाकिटावरची तारीख बघा, कारण आतले बीजाणू जिवंत असले तरच उपयोग, आणि पाकीट उन्हात ठेवू नका. वांग्याच्या त्या जिवाणूवर मात्र याचा भरवसा धरू नका.

घरचं टोमॅटोचं बी धरणार असाल तर ५० अंश पाण्यात २५ मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग सावलीत वाळवा. बियावरून येणारे बरेच जिवाणू त्यात जातात. थर्मामीटर लागतोच, दोन अंश जास्त झाले तरी उगवण घटते, आणि जुनं बी असेल तर करू नका. विकतचं बी घेताना पाकिटावर व्ही, एफ, एन अशी अक्षरं शोधा: व्हर्टिसिलियम मर, फ्युजेरियम मर आणि सूत्रकृमी यांना ती जात दाद देत नाही असा त्याचा अर्थ.

काकडीच्या खालच्या पानांचा एक फोटो टाकाल का, खालच्या बाजूचा? केवडा नाही ना, एवढं बघून घेऊ.